बाटलीतले 'मानवी' विकर

'मानवी विकर' असे लेबल लावलेली इवलीशी बाटली प्रयोगशाळेत दिसली, तर हे कुणा माणसाच्या शरीरातून काढले असावे, असे आपणा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना वाटणे साहजिक आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. ते पुष्कळदा बनविलेले असते जिवाणूंनी!

विकर म्हणजे एन्झाइम. 'एटीजी-४बी' या विकराचेच उदाहरण घेऊ. आपली पेशी स्वतःतील जुने, निकामी भाग एका पिशवीत गुंडाळते, विरघळविते आणि तो माल पुन्हा वापरते. या क्रियेला क्रिस्तियाँ द दुव यांनी १९६३ साली 'ऑटोफॅजी', म्हणजे स्वभक्षण, हे नाव दिले. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आपल्या किनाऱ्यावर लोकांनी पडक्या घरांचे धड वासे, शाबूत कौले निवडून पुन्हा वापरली, तसेच हे. फरक इतकाच, की पेशी वाशाचा पार भुसा करते आणि त्यातून नवा वासा घडविते.

पिशवी तयार होण्यासाठी 'एलसी-३' नावाचे प्रथिन तिच्या पडद्याला जोडले जावे लागते. त्याच्या टोकाला आरंभी एक छोटे शेपूट असते. एटीजी-४बी ते कापते, तेव्हाच जोडणीची जागा उघडी पडते.

हे विकर तपासायचे तर ते शुद्ध स्वरूपात आणि पुरेसे हवे. म्हणून त्याचे मानवी जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालतात. जिवाणू वाढतात आणि आपल्या प्रथिनांबरोबर हेही बनवितात. जनुकाला आधीच जोडलेल्या एका खुणेमुळे हे विकर निकेलच्या मण्यांना चिकटते, बाकीचे धुऊन जाते. मग परीक्षानळीत विकर आणि एलसी-३ एकत्र करून एखादे रसायन घातले, की कापणी थांबते का, हे पाहता येते.

एवढा खटाटोप कशासाठी? योशिनोरी ओसुमी यांना यीस्टमधील स्वभक्षणाच्या संशोधनाबद्दल २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि 'उपवासाने कर्करोग बरा होतो, हे नोबेलने सिद्ध झाले' असे निरोप मोबाइलवर फिरू लागले. ओसुमींनी असे काही सिद्ध केलेले नाही. स्वभक्षण हे दुधारी शस्त्र आहे. निरोगी पेशीत ते बिघाड साफ करून कर्करोगाला आळा घालू शकते. परंतु वाढलेल्या गाठीतील पेशी उपासमारीत याच क्रियेच्या बळावर तग धरू शकतात. ती कुठे वाढवावी आणि कुठे रोखावी, हे ठरविण्यासाठीच असे प्रयोग लागतात.

टाटा मेमोरियल केंद्राची 'अ‍ॅक्ट्रेक' ही कर्करोग संशोधन संस्था आपल्याच जिल्ह्यात, खारघरला आहे. तिथे उपचारही होतात. घरच्या रुग्णाने असा निरोप वाचून औषध थांबविण्याचे मनात आणले, तर त्याला प्रथम डॉक्टरांकडे न्यावे. एकादशी श्रद्धेने अवश्य करावी. तिला औषधाची चिठ्ठी मात्र समजू नये. आणि त्या बाटलीवरही स्पष्ट लिहिलेले असते : केवळ संशोधनासाठी.