बुंधा काढायचाय? आधी कागद दाखवा!

“ताई, झाडाचे बुंधे काढायचं मशीन तुमच्याकडेच ना?” असा फोन आला की मी आधी विचारते, “झाड कसं गेलं? पडलं की तोडलं?” पलीकडचा माणूस जरा गडबडतोच. बुंधे किती, केवढे, हे मी नंतर विचारते. असं का, त्याचीच ही गोष्ट.

आम्ही खोपोलीचे. ह्यांची कारखान्यात पाळीची नोकरी, माझं घरी शिवणकाम. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि इकडे आमच्या परसातला, सासऱ्यांनी लावलेला आंबा मधोमध मोडला. लाकूडवाला लाकूड घेऊन गेला, बुंधा तेवढा राहिला. दोन गड्यांनी पहार-कुदळीनं दोन दिवस खणलं, पण तो काही हलेना. बोळ एवढा अरुंद की जेसीबी आत येईना. पुढच्या वर्षी त्याला वाळवी लागली आणि बघता बघता ती मागच्या दाराच्या चौकटीत शिरली.

शेवटी ह्यांच्या ओळखीतल्या एकानं कुठून तरी एक मशीन आणलं. तासाभरात बुंध्याचा भुसा! सासूबाई पदर तोंडाला लावून बघतच राहिल्या. माझ्या डोक्यात मात्र हिशेब सुरू झाला. कर्जत-खालापूरला मुंबई-पुणेकरांची केवढी तरी फार्म हाऊस झालीत. वादळात पडलेल्या झाडांचे बुंधे कुणाच्या अंगणात, कुणाच्या हिरवळीत तसेच उभे. आपण हे काम का करू नये?

थोडी शिल्लक होती, थोडं कर्ज बचत गटातून काढलं आणि वापरलेलं मशीन घेतलं. ह्यांच्या सुट्टीच्या दिवशी हे आणि धाकटे भाऊजी मशीन चालवतात. फोन, माप, भाव आणि वही माझ्याकडे.

मैत्रिणींनो, काम दिसतं तेवढं सोपं नाही. पोलादी चाकाला कार्बाइडचे दात असतात. चाक बुंध्यावरून डावी-उजवीकडे फिरवत थर थर किसत जायचं. जमिनीखाली वीतभर गेलं की वरून माती टाकून हिरवळ लावता येते. पुन्हा झाड लावायचं तर ते थोडं बाजूला लावावं, कारण खालची मुळं तशीच असतात. भाव बुंध्याच्या व्यासावर, तोही जमिनीलगत मोजायचा. पहिल्यांदा मी वरच्या बाजूला टेप लावला. खाली बुंधा दीडपट निघाला आणि दिवसभराचं काम जवळजवळ फुकट गेलं!

आपली माती दगडाची. दुसऱ्याच कामाला काळा दगड लागला आणि दोन दात तुटले. एकदा पाण्याचा पाइपच फोडला, तो पदरच्या पैशानं जोडून दिला. तेव्हापासून आधी पहारीनं बुंध्याभोवती टोचून बघतो आणि पाइप-केबल कुठून गेलीय ते मालकाला विचारतो. डोळ्यांना चष्मा, पायात जाड बूट, आणि मशीन सुरू असताना मुलं लांब. पावसाळ्यात चिखलात चाक रुततं, म्हणून धंदा दिवाळी ते मे. राहिलेला भुसा झाडांच्या आळ्यात वरून पसरावा, ओल टिकते. ताजा भुसा मातीत मिसळू नये. तो कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो आणि रोपं पिवळी पडतात.

सगळेच बुंधे काढायचे नसतात, हे मला एका ठाकर आजींनी शिकवलं. सागाच्या बुंध्याला आम्ही मशीन लावणार, एवढ्यात त्या म्हणाल्या, “मेलं नाही गं ते. फुटवा बघ की!” खरंच कडेला हिरवे कोंब होते. साग, ऐन ही झाडं बुंध्यातून पुन्हा उभी राहतात. उतारावरचे बुंधेही आम्ही काढत नाही. झाड गेलं तरी मुळं कुजेपर्यंत काही वर्षं माती धरून ठेवतात. जुलै २०२३ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. तिथली कारणं वेगळी असतील, पण त्यानंतर उतारावर मशीन न्यायला मन धजत नाही.

आणि मग ते काम आलं. कर्जत बाजूचं एक फार्म हाऊस, शनिवारची संध्याकाळ. आठ बुंधे, आंब्याचे आणि जांभळाचे. वर ताडपत्री. ती उचलली तर बुंधे ओले, चीक अजून वाळला नव्हता. मालक म्हणाले, “सोमवारच्या आत जमीन सपाट पाहिजे. दुप्पट देतो.”

१९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यानं आंबा, जांभूळ, साग, ऐन अशी ठरावीक झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. तोडलेल्या झाडाची साक्ष द्यायला मागे उरतो तो बुंधाच. तोच भुसा झाला तर पंचनामा कशाचा करणार?

मी परवानगीचा कागद मागितला. ते हसले. “झाडं आम्ही तोडली, तुम्हाला काय त्याचं?” हे माझ्याकडे बघत होते. गटाचा हप्ता मंगळवारी होता आणि तेवढे पैसे घरात नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होतं. भाऊजींनी मशीन टेम्पोतून अर्धं उतरवलेलं. मी म्हटलं, “पुन्हा चढवा.”

परतताना टेम्पोत कुणीच बोललं नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, “आपला आंबा वाऱ्यानं नेला, तर मी दोन दिवस जेवले नव्हते.” रविवारी आणि सोमवारी रात्री जागून मी अकरा ब्लाउज शिवले, उरलेले पैसे जाऊबाईंकडून उसने घेतले आणि हप्ता भरला.

महिन्यानं त्याच रस्त्यानं गेले. तिथे हिरवळ लावलेली होती, बुंधे कुठेच नव्हते. आम्ही नाही केलं म्हणून काम राहिलं नव्हतं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू!

पण त्या दिवसापासून माझ्या वहीत नाव आणि पत्त्यानंतर एक नवा रकाना आहे: ‘पडलं की तोडलं? तोडलं असेल तर कागद?’ तो रिकामा राहिला तर मशीन घरातून निघत नाही.