खाड्यांच्या मर्जीने : हर्णै ते रत्नागिरी, दुचाकीवरून

नकाशावर हर्णै आणि रत्नागिरी यांच्यात सरळ रेघ ओढली तर ती ९० किलोमीटरच्या आसपास भरते. दुचाकीने किनारा धरून जायचं तर हेच अंतर १५०च्या घरात जातं आणि वाटेत दोनदा गाडी बोटीवर चढवावी लागते. महामार्गावर एवढा पल्ला तीन तासांचा. इथे मात्र उजाडताना निघालेला माणूस दिवेलागणीला रत्नागिरीत शिरतो. वाटेतली देवळं, किल्ले, जेवण यांत काही वेळ जातोच, पण खरा वेळ खाते ती या किनाऱ्याची घडण.

सह्याद्री समुद्राच्या इतका जवळ की इथल्या नद्या आखूड आणि उताराच्या. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती. पुढे बर्फ वितळला, पाणी चढलं आणि नद्यांच्या मुखाकडच्या दऱ्या बुडाल्या. त्या बुडालेल्या दऱ्या म्हणजेच आजच्या खाड्या. मधले डोंगर थेट समुद्रात घुसलेले राहिले. त्यांच्या माथ्यावर जांभ्याचा सपाट सडा, पोटात ज्वालामुखीचा काळा कातळ आणि दोन भूशिरांच्या बेचक्यात एखादी पुळण.

बाइकस्वाराला ही घडण मनगटात जाणवते. सड्यावर रस्ता सरळ धावतो आणि वारा गाडीला आडवा ढकलतो. मग एकाएकी उतार लागतो, दुसऱ्या गिअरमध्ये वळणं उतरावी लागतात. खाली नारळी-पोफळीच्या वाड्या, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे आणि रस्ता इतका चिंचोळा की समोरून एसटी आली तर दुचाकीनेही अंग चोरावं. गाव संपलं की पुन्हा चढ, पुन्हा सडा. दिवसभर हे चक्र चालू राहतं आणि तरीही कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक माथ्यावरून दिसणारा समुद्र निराळा असतो.

हर्णैच्या बंदरातून समोर सुवर्णदुर्ग दिसतो. हा आंग्र्यांचा जलदुर्ग १७५५ साली पेशव्यांच्या साथीने इंग्रज कमोडोर जेम्सने घेतला. बंदराला लागून असलेलं मुरुड हे महर्षी कर्व्यांचं गाव. शाळकरी वयात परीक्षेला बसण्यासाठी ते इथून चालत, घाट चढून साताऱ्याला गेले आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परत पाठवलं गेलं. त्या पायपिटीची आठवण ठेवून या रस्त्यांवरून गाडी हाकावी. पुढे कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे अशी गावं मागे टाकत रस्ता दाभोळला पोचतो.

दाभोळला घाई करू नये. मध्ययुगात हे पश्चिम किनाऱ्यावरचं गजबजलेलं बंदर होतं. १५०८च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने ते जाळलं. आज धक्क्यालगतची जुनी दगडी मशीद त्या वैभवाची खूण सांगते. समोर वाशिष्ठीची खाडी पसरलेली. पलीकडच्या अंजनवेलला वीजप्रकल्प आहे. एन्रॉनने त्याला दाभोळचं नाव दिलं, पण तो आहे खाडीच्या गुहागर बाजूला.

दाभोळ ते धोपावे ही फेरीबोट २००३ पासून चालते. स्थानिक तिला ‘जंगलजेट्टी’ म्हणतात. बोटीचा पुढचा लोखंडी फाळका धक्क्यावर टेकतो, आधी मोटारी चढतात आणि उरलेल्या फटींत दुचाक्या बसवल्या जातात. फाळका ओला असतो. तिथे पुढचा ब्रेक दाबला तर गाडी हमखास घसरते. पहिल्या गिअरमध्ये, हँडल सरळ ठेवून चढावं आणि वर गेल्यावर गाडी गिअरमध्येच उभी करावी. खाडी पार व्हायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. बोट नसेल तर खेड-चिपळूणमार्गे शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा पडतो.

गुहागरात व्याडेश्वराचं दर्शन आणि सुरूच्या बनापलीकडची लांबलचक पुळण, दोन्ही झाल्यावर पालशेतमार्गे हेदवी गाठावी. दशभुज गणेशाचं देऊळ सगळ्यांना ठाऊक आहे. या प्रवासातली सर्वांत विलक्षण जागा मात्र त्याच गावच्या किनाऱ्यावर, उमामहेश्वराच्या देवळामागे आहे. ती बामणघळ. काळ्या कातळाला पडलेली ही अरुंद, खोल भेग. भरतीची लाट तिच्यात शिरते, पुढे जागा निमुळती होत जाते, पाण्याला बाजूला सरता येत नाही आणि ते गर्जत सरळ वर उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसेल.

म्हणून या प्रवासाचा दिवस पंचांग पाहून ठरवावा. कोकणातला जुना ठोकताळा सांगतो की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. पौर्णिमा-अमावास्येला १५ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारच्या सुमारास. ती उधाणाचीही असते, कारण चंद्र आणि सूर्य त्या दिवशी एकाच रेषेत ओढतात. हर्णैहून सकाळी निघालेला माणूस दुपारी हेदवीत पोचतो. संध्याकाळी, सहा तासांनी, ओहोटी लागलेली असते आणि रत्नागिरीजवळच्या पुळणी रुंद झालेल्या असतात. बामणघळीपाशी कड्यापासून मागेच उभं राहावं. कातळावर शेवाळ असतं आणि प्रत्येक लाट आधीच्या लाटेएवढीच येईल असं नाही.

हेदवीहून पुढे तवसाळला दुसरी जंगलजेट्टी लागते. ही शास्त्री नदीची खाडी. पलीकडे जयगडचा किल्ला आणि मोठं आधुनिक बंदर.

दाभोळ आणि जयगड, दोन्ही खाड्यांवर पूल बांधायचं रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या आराखड्यात आहे. या महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले यांच्या नावाने सांगितली जाते. तीही आता चार दशकं जुनी. पूल झाले की हा प्रवास बदलेल, बोटीवरची ती दहा मिनिटं कदाचित उरणार नाहीत. पण रात्री अडलेल्या बाळंतिणीला घेऊन खाडीकाठी बोटीची वाट पाहणाऱ्या घराला पर्यटकाच्या हौसेचं कारण सांगता येणार नाही. पूल व्हायलाच हवेत. ज्यांना हा किनारा खाड्यांच्या चालीने पाहायचा आहे, त्यांनी तोवर पाहून घ्यावा.

जयगडहून मालगुंडला आलं की कवी केशवसुतांचं गाव लागतं. १८६६ साली त्यांचा जन्म झाला ते घर स्मारक म्हणून जपलं आहे. गणपतीपुळ्याचा गणपती पश्चिमाभिमुख. इथे डोंगरच देव मानला जातो आणि प्रदक्षिणा पुऱ्या डोंगराला घालतात. तिथून रत्नागिरीपर्यंत सुमारे २५ किलोमीटर उरतात, त्यात आरे-वारे येतं. दोन पुळणींच्या मधल्या भूशिरावर रस्ता चढतो आणि दोन्हीकडचा किनारा एकदम खाली उलगडतो. ऊन कलल्यावर इथे पोचणं उत्तम. मात्र हिवाळ्यात दक्षिणेकडे जाताना मावळता सूर्य थेट डोळ्यांवर येतो, म्हणून हेल्मेटची काच स्वच्छ असावी आणि वळणावर वेग अगदी कमी.

बसणी, शिरगाव ओलांडून रत्नागिरीत मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर महामार्गाचा मोह टाळून याच वाटेने उत्तरेकडे परतावं. तेव्हा समुद्र डाव्या हाताला, आपल्याच बाजूला असतो. गाडी थांबवायला रस्ता ओलांडावा लागत नाही आणि सकाळचं ऊन जमिनीकडून येत असल्याने आदल्या संध्याकाळी झळाळीत हरवलेले कडे स्पष्ट दिसतात.