किमोनंतर ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनेक रुग्ण मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात किमो घेऊन गावी परततात. केस गळणं, मळमळ, तोंड येणं याची घरच्यांना कल्पना असते. जिवाला धोका मात्र साध्या वाटणाऱ्या तापाचा असतो.

किमोची औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. त्यात कॅन्सरसोबत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही कमी होतात. बहुतेक औषधांत डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत त्या सर्वांत कमी असतात. तेव्हा संसर्ग काही तासांत अंगभर पसरू शकतो. अनेकदा पू, सूज काहीच दिसत नाही. ताप हीच एक खूण.

म्हणून घरात थर्मामीटर हवाच. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त भरला, किंवा हुडहुडी भरली, तर पॅरासिटामॉल देऊन झोपवू नका. त्याने ताप दबतो, संसर्ग नाही. मुंबई गाठण्यातही वेळ घालवू नका. रात्र असली तरी जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि दारातच सांगा, 'किमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला.' रक्ततपासणी करून शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू व्हावं लागतं.

फाईल, औषधांची यादी आणि किमो देणाऱ्या डॉक्टरांचा नंबर एका पिशवीत कायम तयार ठेवा.