मार्केटिंगमधून यूट्यूबकडे वळताना

परवा जुन्या ऑफिसातली मैत्रीण भेटली. "नोकरी सोडून व्हिडिओच करायचेत गं, पैसे कधी सुरू होतात?" मी याच वाटेने आले, म्हणून सगळ्यांसाठीच लिहिते.

यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर लागतात. सोबत १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींचे ५५ टक्के आपले. सुरुवातीला हे उत्पन्न तुटपुंजंच असतं, त्यामुळे पगार लगेच सोडू नका.

प्रेक्षक ओळखणं, थंबनेलवर क्लिक मिळवणं हे मार्केटिंगवाल्यांना जमतंच. कस लागतो तो क्लिकनंतर. यूट्यूब स्टुडिओत रिटेन्शनचा आलेख असतो, लोक कुठल्या सेकंदाला निघून गेले ते त्यात दिसतं. पहिल्या अर्ध्या मिनिटातच तो कोसळत असेल तर प्रस्तावना सरळ कापा. ब्रँडच्या फिल्ममध्ये आपण लोगो आधी दाखवायचो. इथे विषयच आधी हवा.

आणि हो, पैसे घेऊन एखादं उत्पादन दाखवलं तर तसं स्पष्ट सांगायचं. एएससीआय या जाहिरात क्षेत्रातल्या स्वनियमन संस्थेची इन्फ्लुएन्सरसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ पासून आहेत, ती नक्की वाचा. मला तरी हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

कॅमेरा, माइक, एडिटिंग, काहीही विचारा. जमेल तसं उत्तर देते.