कूलरला नुसतं तापमान कळून भागत नाही

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअसची नोंद केली आणि बातमी देशभर पसरली. हवामान खात्याने तपासलं, तेव्हा सेन्सरच बिघडलेला निघाला. शहरातला उच्चांक आहे २३ मे २०१३चा, ४७.९ अंशांचा. सेन्सर चुकला की त्याच्यावर विसंबलेलं पुढचं सगळंच चुकतं. आता घरचा कूलरही मोबाइलवरून, थर्मोस्टॅटच्या हुकमाने चालवण्याची सोय झाली आहे. पण कूलरच्या बाबतीत सेन्सर ठणठणीत असला तरी घोटाळा होतो, कारण तो जे मोजतो तेच अपुरं असतं.

थर्मोस्टॅट वाढला थंड देशांत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधले प्राध्यापक वॉरन जॉन्सन यांच्या वर्गात शिपाई तापमान पाहायला मध्येच येई आणि मग तळघरात जाऊन भट्टी कमी-जास्त करी. त्या व्यत्ययातून सुटका हवी म्हणून त्यांनी विजेवर चालणारी युक्ती काढली आणि १८८३मध्ये तिचं पेटंट घेतलं. आज तिकडच्या कित्येक घरांत एकच बॉयलर अनेक खोल्यांना ऊब पुरवतो. प्रत्येक भागाचा थर्मोस्टॅट वेगळा, गरम पाण्याचा व्हॉल्व्ह वेगळा. एखाद्या भागाने मागणी केली की त्याचा व्हॉल्व्ह उघडतो आणि बॉयलर पेटतो, सगळ्यांचं भागलं की विझतो. खोली ठरलेल्या अंशाला पोचेपर्यंत चालत राहायचं, एवढाच त्याचा नियम. बॉयलरला तो पुरतो, कारण त्याचं पाणी खोलीपेक्षा नेहमीच गरम असतं.

नागपुरातल्या घरात बॉयलर नसतो, पण त्याच्याशी जुळणारी रचना असते. बाहेर भिंतीला किंवा गच्चीवर एक मोठा डक्ट कूलर आणि त्याचे फाटे दोन-तीन खोल्यांत. त्याला थर्मोस्टॅट जोडताना बॉयलरचा नियम जसाच्या तसा उचलला की फसगत होते.

कूलरचं बळ बाहेरच्या कोरड्या हवेत आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतून सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. म्हणजे तासाला पाचेक लिटर पाणी उडालं, तर एक टनाच्या एसीइतकं काम होतं, आणि वीज लागते ती फक्त पंखा आणि पंपापुरती. मात्र हवा किती थंड होणार याला मर्यादा आहे. तापमापीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला की जो आकडा येतो, त्या ‘ओल्या फुग्याच्या तापमाना’खाली साधा कूलर जाऊ शकत नाही. मे महिन्यातल्या दुपारी बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर हा आकडा साधारण २३ येतो. वूडवूल किंवा हनीकोंबचे पॅड नीट भिजलेले असले, तर कूलरच्या तोंडातून २७च्या आसपासची हवा येते. सतरा अंशांचा फरक! विदर्भाचा उन्हाळा सुसह्य करणारं हे यंत्र मला फार मोलाचं वाटतं, ते यासाठी.

आता जुलै. बाहेर ३२ अंश, आर्द्रता ७५ टक्के. ओल्या फुग्याचं तापमान २८. थर्मोस्टॅट २७वर लावलेला असेल, तर ती खोली २७ला कधीच पोचणार नाही. तो मात्र इमानाने वाट पाहत राहील. रात्रभर पंप चालेल, हवेत ओल वाढत जाईल, अंथरूण दमट होईल आणि घाम वाळणार नाही. सेन्सरचा आकडा बरोबर, यंत्र आज्ञाधारक, आणि घरातली माणसं बेजार.

म्हणून कूलरच्या नियंत्रकाला तापमानाबरोबर बाहेरची आर्द्रता कळायला हवी, आणि पंप व पंखा यांचे हुकूम वेगळे हवेत. बाहेरची आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की पंप थांबवून नुसता पंखा चालवावा, असं मी सुचवेन. सुरू करताना उलट क्रम हवा. आधी काही मिनिटं पंप, पॅड भिजले की मग पंखा, नाहीतर पहिला झोत लूचाच येतो. बाहेरचा सेन्सर सावलीत आणि कूलरपासून दूर लावावा, आतला फाट्याच्या झोतात किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर नको.

खोल्यांच्या वाटणीतही बॉयलरशी साम्य थोडंच आहे. बॉयलरचं पाणी फिरून परत येतं, कूलरची हवा मात्र घराबाहेर पडावी लागते. फाट्याची झडप उघडली आणि खिडकी बंदच राहिली, तर नवी हवा आत शिरत नाही, खोली कोंदते. सगळ्या झडपा एकदम मिटल्या, तर पंखा अडलेल्या हवेवर फिरत बसतो. तेव्हा झडप उघडी असल्याची खूण मिळाल्याशिवाय पंखा सुरू होता कामा नये, आणि त्या त्या खोलीची खिडकी थोडी तरी उघडी हवी.

जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढते, तेव्हा तो भार पेलणारा रिलेच घ्यावा. पत्र्याची बॉडी, पाणी आणि ओले पाय एकत्र येतात, म्हणून अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी हवेच. महावितरण उन्हाळ्यात कूलरबाबत सावधगिरीचं आवाहन करत असतं. स्वयंचलित नियंत्रकाने त्यात एक नवा धोका आणला आहे. एक जण टाकीत पाणी भरत असताना तापमानाने ठरलेला आकडा ओलांडला म्हणून पंप आपोआप सुरू होऊ शकतो, किंवा ऑफिसात बसलेला दुसरा मोबाइलवरून तो सुरू करू शकतो. ॲपवर ‘बंद’ दिसणं म्हणजे वीज तुटणं नव्हे. पाणी भरण्यापूर्वी भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढायचा, आणि हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवायचं.