खानदेशचं नाव लागलेला भुंगेरा

ज्यांचं ऐकता ऐकता घाटात नेटवर्क गेलं त्यांच्यासाठी, आणि कानाने ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी वाचणं ज्यांना बरं वाटतं त्यांच्यासाठी, हा भाग लिहून ठेवतोय. बोलण्यातलं पाल्हाळ थोडं छाटलंय. सगळं छाटलं असतं तर तो आपला पॉडकास्ट राहिला नसता.

पहिल्या पावसानंतर रात्री ओट्यावरच्या दिव्याखाली काय काय पडलेलं असतं, ते नाशिकमध्ये सांगायला नको. हुमणीचे तपकिरी भुंगेरे तर शेतकऱ्यांच्या पोरांना पाठच असतात. पण समजा, त्यांच्यात एक वेगळाच निघाला. काळपट, खडबडीत, अंगाला माती चिकटलेला. तुम्ही फोटो काढला, मोबाईलला विचारलं, आणि मोबाईल म्हणाला, ‘बीटल’. एवढं तर आपल्यालाही कळत होतं! मग हा जगाला माहीत नसलेला भुंगेरा आहे की नाही, हे ठरवायचं कुणी आणि कसं?

ही कल्पनेतली गोष्ट नाही. २०२३ साली ‘झूटॅक्सा’ नावाच्या शोधपत्रिकेत अशाच एका भुंगेऱ्याची नोंद झाली. नाव : ओमॉर्गस खानदेश. हो, आपलाच खानदेश. जळगाव, धुळे, नंदुरबार. आणि अहिराणी ऐकू येते म्हणून बागलाण-मालेगावकडचे लोकही हक्क सांगतील तो. नोंद करणारे दोघे होते. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुणे केंद्रातल्या डॉ. अपर्णा कळवते आणि दक्षिण आफ्रिकेतल्या संग्रहालयाचे वर्नर स्ट्रुम्फर. या भुंगेऱ्याच्या कुळाचं नाव ट्रोगिडी. ही नवी भर धरून भारतात या कुळाच्या आज हयात असलेल्या १४ जाती झाल्या. एवढ्या मोठ्या देशात फक्त १४, म्हणजे एका वर्गातल्या पोरांपेक्षाही कमी.

आता हे प्राणी करतात काय? जेवण झाल्यावर पंगत उठते, पत्रावळी उरतात, त्या उचलायला कुणीतरी लागतं ना, ते हे. जनावर मेलं की आधी माश्या येतात, त्यांच्या अळ्या मांस संपवतात. आपल्याकडे हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवतात, तिथे गिधाडंही तेच काम करतात, फक्त फार वेगाने. पण शेवटी केस, पिसं, खूर, वाळलेलं कातडं उरतंच. यातलं बरंचसं केराटिनचं, म्हणजे आपली नखं ज्याची बनलेली असतात त्याच प्रथिनाचं. ते पचवणं फार थोड्या प्राण्यांना जमतं, आणि ट्रोगिडी त्यांतले. सगळे जेवून गेले की हे येतात. इंग्रजीत यांना ‘हाइड बीटल’ म्हणतात. इथे हाइड म्हणजे कातडं, लपणं नव्हे. अर्थात लपण्यातही हे पटाईत आहेत. अंगावर माती थापलेली असते आणि बोट लावलं की पाय आखडून मेल्याचं सोंग घेतात. मातीचं ढेकूळ समजून आपण ओलांडून जातो.

मुद्द्यावर येतो. एखादी जात ‘नवी’ ठरते ती सापडल्या दिवशी नाही. सापडणं हा सगळ्यात सोपा भाग. त्यानंतर तो नमुना, जगात त्या गटातल्या जेवढ्या जाती आधी नोंदल्या गेल्यात त्यांच्याशी ताडून बघावा लागतो. पाठीवरच्या कवचावरच्या उंचवट्यांच्या रांगा कशा आहेत, स्पर्शिका कशा, डोक्याची कड कशी. ओमॉर्गस खानदेश दिसायला ओमॉर्गस रिम्युलोसस नावाच्या जातीच्या फार जवळचा आहे. इतका, की नुसत्या रूपावर विश्वास ठेवला असता तर कदाचित तो त्याच नावाच्या डबीत पडून राहिला असता. मग फरक कळला कसा? नराचं जननेंद्रिय तपासून.

हसू नका. (मीही हसलो होतो.) कीटकशास्त्रात हे रोजचं काम आहे. नमुना मऊ करतात, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं पोट उघडतात आणि तो नखाच्या टोकाएवढा अवयव अलगद बाहेर काढतात. बाहेरचा रंग, आकार खाण्यापिण्यावर आणि वयावर थोडाफार बदलतो. दोन जवळच्या जातींमध्ये या अवयवाचा आकार मात्र बहुधा स्पष्ट वेगळा असतो, आणि एकाच जातीच्या नरांमध्ये बराचसा सारखा. म्हणून ओळख पटवताना त्याला एवढं वजन. मोबाईलच्या फोटोत हे कुठून येणार? ॲपला दोष देऊ नका, त्याला भुंगेऱ्याची फक्त पाठ दिसते.

एवढं झालं की एक नमुना मुख्य म्हणून निवडायचा. त्याला होलोटाइप म्हणतात. नाव कायमचं त्या एका नमुन्याला बांधलेलं असतं. उद्या वाद झाला तर त्यालाच कपाटातून काढून बघायचं. आणि नाव छापून यावं लागतं, नियमाप्रमाणे, वर्णनासकट. इन्स्टावर टाकलेलं नाव धरत नाहीत, कितीही लाइक आले तरी.

नावाचीही गंमत आहे. आपल्या अंजनेरीच्या डोंगरावरच्या कंदीलपुष्पाचं नाव सेरोपेजिया अंजनेरिका. तिथे गावाच्या नावाला लॅटिन शेपूट लावलंय, ‘अंजनेरीची’ अशा अर्थाने. भुंगेऱ्याच्या बाबतीत ‘खानदेश’ जसंच्या तसं ठेवलं. नियमात दोन्ही बसतं. मला दुसरं जास्त आवडलं, कारण उच्चार करताना जीभ अडखळत नाही.

‘पण एका किड्याला नाव देऊन होणार काय?’ हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच घेतो. गुन्हे-तपासात मृतदेहावर कोणते कीटक आले, त्यावरून मृत्यूला किती काळ झाला याचा अंदाज बांधतात. पहिल्या दिवसांचा हिशेब माश्या देतात. देह वाळून गेल्यावर माश्यांचा उपयोग संपतो, तेव्हा उशिरा येणाऱ्यांची साक्ष लागते, आणि हे कुळ त्यांतलं. पण प्रत्येक जातीचं वेळापत्रक वेगळं असू शकतं. साक्षीदाराचं नावच माहीत नसेल तर त्याची साक्ष कशी लिहून घेणार?

दुसरं उदाहरण फार लांबचं. नेपोलियनला जिथे कैदेत ठेवलं ते सेंट हेलेना, अटलांटिक महासागरातलं एकाकी बेट. तिथे जमिनीवर पळणारा एक मोठा शिकारी भुंगेरा होता, ॲप्लोथोरॅक्स बर्चेली. त्याला एकोणिसाव्या शतकातच नाव मिळालं होतं. १९६०च्या दशकानंतर तो कुणाला जिवंत दिसलेला नाही. नाव होतं म्हणून निदान शोधायला माणसं गेली, आणि काय हरवलं ते सांगता येतं. नाव मिळण्याआधीच जे गेले, त्यांचा शोध घ्यायला कोण जाणार?

तर उद्या रानात एखादं वाळलेलं कातडं दिसलं, तर काठीने जरा उलटून बघा. ढेकूळ हललं, तर फोटो काढाच. पण सोबत तीन गोष्टी लिहा : गाव, तारीख, कशावर सापडला. संग्रहालयातल्या प्रत्येक नमुन्याच्या टाचणीला नखाएवढी चिठ्ठी असते, तिच्यावरही हेच असतं. चिठ्ठी हरवलेला भुंगेरा कितीही दुर्मिळ असला, तरी अभ्यासकाच्या फारसा कामाचा राहत नाही.