शिशाच्या विटांआडची गाय

सकाळी पहिलं काम गाईची धार काढायचं. न्यूक्लियर मेडिसिनच्या विभागांत जगभर याला असंच म्हणतात. गाय म्हणजे शिशाच्या जाड कवचात बसवलेली एक लहानशी नळी. नळीत ॲल्युमिनाची भुकटी असते आणि तिला धरून बसलेलं किरणोत्सारी मॉलिब्डेनम-९९. ते आपसूक झिजत राहतं आणि त्यातून टेक्नेशियम-९९एम तयार होतं. वरून सलाइन सोडलं की मॉलिब्डेनम जागचं हलत नाही, टेक्नेशियम तेवढं पाण्याबरोबर खालच्या निर्वात कुपीत उतरतं. काही मिनिटांत धार संपते. कुपीतला द्रव पाण्यासारखा नितळ दिसतो. त्यात काय आहे ते डोस कॅलिब्रेटरवर मिलिक्युरीचा आकडा उमटल्यावरच समजतं. रात्रभरात गाय पुन्हा भरते, पण मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य ६६ तासांचं, त्यामुळे आठवड्याभरात ती आटत जाते आणि नवी आणावी लागते.

मुंबईत परळला, टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या परिसरात, रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचा हा वैद्यकीय विभाग १९६३ साली सुरू झाला. १९७३पासून तिथे डॉक्टरांसाठी रेडिएशन मेडिसिनचा पदविका अभ्यासक्रम चालत आला. एमबीबीएस होऊन आलेला डॉक्टर इथे किरणोत्साराचं भौतिकशास्त्र शिकतो, रसायन शिकतो, मोजणीतली चूक ओळखायला शिकतो. ते सगळं त्याला पेशंटसाठी लागतं.

ही जागा परळलाच का, याला कारण आहे. टाटा रुग्णालय १९४१ साली उघडलं आणि १९६२मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे आलं. त्याआधी १९५६मध्ये तुर्भ्याला अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली होती. म्हणजे कर्करोगाचं रुग्णालय आणि समस्थानिकं बनवणारी भट्टी एकाच खात्याच्या छपराखाली आली. होमी भाभांच्या काळातला हा योग मला फार मोलाचा वाटतो. भट्टीवाल्याला पेशंट दिसू लागला आणि डॉक्टरला भट्टी.

या विद्येची सुरुवातही अशाच भेटीतून झाली. नोव्हेंबर १९३६मध्ये बोस्टनला एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन डॉक्टरांसमोर बोलायला आले. सॉल हर्ट्झ हे थायरॉइडचे पेशंट पाहणारे तरुण डॉक्टर. त्यांनी विचारलं, आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का? थायरॉइड आयोडीन खेचून घेते हे ते रोजच पाहत होते. प्रश्न दवाखान्यातला होता, उत्तर भौतिकशास्त्रज्ञांकडे होतं. हर्ट्झ आणि आर्थर रॉबर्ट्स या भौतिकशास्त्रज्ञाने १९३७मध्ये सशांवर प्रयोग केले. त्या वेळच्या आयोडीन-१२८चं अर्धायुष्य अवघं २५ मिनिटांचं, त्यामुळे हात भराभर चालवावा लागे. ३१ मार्च १९४१ रोजी हर्ट्झ यांनी किरणोत्सारी आयोडीनचा उपचारासाठीचा पहिला डोस पेशंटला दिला.

आता परळच्या कामाकडे येऊ. हाडांच्या स्कॅनसाठी टेक्नेशियम एका फॉस्फोनेट रेणूला जोडतात. हा रेणू हाडांकडे जातो, आणि जिथे हाड नव्याने बनत असेल तिथे जास्त साठतो. गॅमा कॅमेऱ्यावर सांगाडा उजळतो. एखाद्या दिवशी मात्र सांगाड्यासोबत जठर आणि थायरॉइडही उजळलेली दिसतात. रसायन न शिकलेला डॉक्टर तिथे आजार शोधत बसेल. शिकलेला डॉक्टर आधी कुपीकडे वळेल. जोडणी नीट झाली नसली तर सुटं राहिलेलं टेक्नेशियम याच दोन ठिकाणी जाऊन बसतं. म्हणून औषध टोचण्याआधी कागदाच्या पट्टीवर एक थेंब टाकून ते वर चढू द्यायचं आणि सुटा अंश किती तो मोजायचा. ही पट्टी स्वतः हाताने चालवलेल्या डॉक्टरच्या वाचनात आणि नुसतं चित्र पाहणाऱ्याच्या वाचनात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, असं माझं ठाम मत आहे.

२००२मध्ये देशातलं पहिलं पेट स्कॅन यंत्र याच सेंटरमध्ये आलं, सोबत मेडिकल सायक्लोट्रॉनही. त्यात बनणाऱ्या फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य ११० मिनिटांचं. असं औषध दूरवरून मागवायचं तर वाटेतच निम्मं सरतं, म्हणून ते बनवणारं यंत्र जवळ हवं.

अशीच वेळेची अडचण शिकणाऱ्या डॉक्टरचीही आहे. निवासी डॉक्टरचा दिवस वॉर्ड आणि ओपीडीत सरतो. प्रबंध बहुतेक ठिकाणी परीक्षेची अट म्हणून रात्री जागून पुरा होतो. भौतिकशास्त्रज्ञ शेजारच्या खोलीत असूनही त्याच्याशी बोलायला अर्धा तास मिळत नाही. तो अर्धा तास वेळापत्रकात लिहून दिला पाहिजे, सवड मिळाल्यावर पाहू असं म्हणून तो कधी मिळत नाही.

त्या अर्ध्या तासात काय होतं ते ल्युटेशियम-१७७च्या उपचारात दिसतं. हे समस्थानिक तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत बनतं. न्यूरोएंडोक्राइन गाठी शोधायला जो रेणू वापरतात, त्याच जातीच्या रेणूला ते जोडून गाठींवर उपचार करतात. धोका मूत्रपिंडांना असतो, कारण औषध तिथूनही जातं. त्यांना जपायला अमिनो आम्लांचं सलाइन लावून ठेवतात. पेशंटला दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी पुन्हा कॅमेऱ्याखाली घ्यायचं, दर वेळी मूत्रपिंडाभोवती रेघ आखून आत किती उरलं ते मोजायचं आणि आलेखावर ठिपके जोडायचे. ती उतरती रेघ डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ एका टेबलाशी बसून पाहतात. पुढचा डोस किती द्यायचा, द्यायचाच का, हे तिथे बोललं जातं.